समुद्रातून थेट घाटात नको

पहाटे कोल्हापुरातून निघायचे, घाट उतरून मालवण गाठायचे, होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, स्कूबाची बुडी मारायची, सुरमईचे ताट संपवायचे आणि रात्री घरी परतायचे. सुट्ट्या लागल्या की असा एका दिवसाचा बेत अनेक घरांत ठरतो. कुरटे बेटावरचा किल्ला आणि भोवतालचे प्रवाळ पाहण्यासारखेच आहेत. शरीराला मात्र ही घाई मानवत नाही.

समुद्रात दर १० मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो. त्याचा पहिला फटका कानाला बसतो. कान आणि घसा जोडणारी नळी सर्दीने बंद असेल, तर आतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळत नाही. कान ठणकतो, प्रसंगी पडदा फाटतो. गोळी घेऊन पाण्यात उतरणे हा त्यावर उपाय नव्हे. तिचा अंमल पाण्याखालीच ओसरला, तर वर येताना कान पुन्हा अडकतो.

दुसरा धोका श्वास रोखण्याचा. १० मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागावर येताना दुप्पट जागा मागते. घाबरून श्वास रोखून वर येणाऱ्याच्या फुप्फुसाला त्यामुळे इजा होऊ शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम एकच : श्वास थांबवायचा नाही.

तिसरी गोष्ट खास कोल्हापूरकरांची. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडण्याआधी माणूस उंचावर गेला, तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. त्यामुळेच एका साध्या बुडीनंतर विमानप्रवासाआधी किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर १८ तास थांबण्याचा सल्ला दिला जातो. सुमारे ६०० मीटरपेक्षा उंच घाटालाही तोच न्याय लागू होतो, आणि गगनबावडा, आंबोली या उंचीच्या वर आहेत. पर्यटकांची उथळ, थोडा वेळची बुडी तुलनेने कमी धोक्याची असते, हे खरे. पण खोल किंवा दोन-तीनदा बुडी मारणाऱ्याने त्याच संध्याकाळी घाट चढणे शहाणपणाचे नाही.

सर्दी, दमा, हृदयविकार, झटके किंवा कानाचे जुने दुखणे असेल, तर बुडीआधी डॉक्टरांना विचारावे. बुडी घडवणाऱ्यांनीही पैसे घेण्याआधी या गोष्टी विचारल्याच पाहिजेत. उत्तर 'हो' आले, तर नकार देण्याचे धाडस दाखवले पाहिजे. बुडीआधी मद्य नको, पाणी मात्र भरपूर प्यावे. प्रवाळांवर पाय ठेवू नये : ते दगड नसून जिवंत प्राण्यांच्या वसाहती आहेत आणि हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

आदल्या दिवशी बुडी, रात्री मालवणात मुक्काम, सकाळी किल्ला आणि मग घाट. खर्च एका खोलीच्या भाड्याचा. पण कान, फुप्फुसे आणि सुट्टी तिन्ही शाबूत राहतात.