अभ्र्यावरची नक्षी कुणाची?

दोस्तांनो, उशी रोज डोक्याखाली घेता, पण तिच्या अभ्र्यावर काय काढलंय ते कधी नीट पाहिलंय? सोफ्यावरच्या कुशनवर तर बरेचदा वाकडीतिकडी पानं, काड्या, ठिपके असले गमतीदार आकार असतात. ही तऱ्हा साधारण १९५० नंतर जगभर गाजली.

१९५१ साली लंडनमधल्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी ल्यूसियन डे या बाईंनी 'कॅलिक्स' नावाची नक्षी काढली. कॅलिक्स म्हणजे फुलाचा निदलपुंज, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतो तोच! पण कापडावर नुसत्या वाट्या नि बारीक काड्या. कापडवाल्याला वाटलं, हे घेणार कोण? त्याने ठरल्याच्या निम्मेच पैसे हातावर ठेवले. पुढे मिलानच्या प्रदर्शनात याच नक्षीला सुवर्णपदक मिळालं, तेव्हा कुठे उरलेले निम्मे आले!

आपल्याकडे हातमागाच्या कापडालाही तेव्हा नव्या नक्ष्या हव्या होत्या. म्हणून सरकारने १९५६ पासून विणकर सेवा केंद्रं काढली आणि तिथे चक्क चित्रकारांना नोकरीला ठेवलं. अलिबागजवळचं नागाव माहीत आहे ना? तिथे १९३६ साली जन्मलेले प्रभाकर बरवे मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकले आणि १९६१ मध्ये बनारसच्या केंद्रात दाखल झाले. नंतर ते मुंबईच्या केंद्रात आले. नोकरीत विणकरांसाठी नक्षी, उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं! त्या चित्रांतल्या पानांसाठी, शिंपल्यांसाठी, घड्याळांसाठी लोक आज त्यांना ओळखतात. पण कापडाचं काय? ठाणाच्या कडेला गिरणीचं नाव छापतात, नक्षी काढणाऱ्याचं सहसा नाही. मला तर हा अन्यायच वाटतो बुवा.

बरं, मैलभर कापडावर एकच नक्षी जोड न दिसता कशी येते? करून बघा. चौकोनी कागदाच्या मधोमध एखादं पान काढा, कडांना टेकवू नका. आता कागद मध्यावर उभा कापा. डावा तुकडा उजवीकडे, उजवा डावीकडे ठेवून मागून चिकटपट्टी लावा. मग आडवा कापून वरचा तुकडा खाली, खालचा वर. तुमचं पान चार कोपऱ्यांत पळालं आणि मधे मोकळी जागा झाली! तिथे शिंपला काढा. याच्या चार झेरॉक्स शेजारी-शेजारी लावल्या, की जोड शोधून सापडणार नाही. (कात्री जरा सरळ चालवा. माझा पहिला कागद तिरका कापला गेला नि पानाचा देठ भलतीकडेच निघाला.)

आवडली, तर नक्षी जुन्या चादरीच्या तुकड्यावर कापडाच्या रंगाने उतरवा आणि अभ्रा शिवून घ्या. आत भरायला सावरीचा कापूस मिळाला तर झकासच. कोकणात आजी लोक हाच भरतात. उन्हाळ्यात बोंडं फुटली, की तो वाऱ्यावर उडत अंगणात येतो.

आणि हो, अभ्र्याच्या कोपऱ्यात आपलं नाव घालायला विसरू नका!