पाताळ म्हणजे हेडीस नव्हे : अजिंठ्याची इरंदती आणि उसनी मोजपट्टी

१/१५
फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी वाहने थांबतात. तेथून बसने सुमारे चार किलोमीटर आत गेले, की वाघुर नदीच्या नालाकृती वळणावर अजिंठ्याची लेणी लागतात. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक तरुणी सुमारे पंधराशे वर्षे झोक्यावर बसलेली आहे. ती मानवकन्या नव्हे. ती पाताळातील नागकन्या असून तिचे नाव इरंदती आहे.

२/१५
हे नाव क्वचितच उच्चारले जाते. तिला कोणी ‘झोक्यावरची राजकन्या’ म्हणतो, कोणी सरसकट ‘अप्सरा’. ग्रीक पुराणकथांवर वाढलेल्या नव्या वाचकाला तर ती ‘अंडरवर्ल्डमधली खोडकर निंफ’ वाटते. या शेवटच्या नावाला येथे विरोध आहे. कारण त्या एका शब्दाने चित्रामागची सगळी कथा उलटी होते.

३/१५
प्रथम ग्रीक बाजू पाहू. मिंथी ही अधोलोकाशी जोडलेली निंफ, हेडीसची प्रेयसी. स्ट्रेबो सांगतो की हेडीसच्या राणीने, म्हणजे पर्सेफोनीने, तिला पायदळी तुडवले आणि तिचा पुदिना झाला. दुसऱ्या एका परंपरेत तुडवणारी डिमीटर आहे. दोन्हीकडे मिंथीचा शेवट सारखाच : तिने मर्यादा ओलांडली आणि ती चिरडली गेली.

४/१५
हेडीसचे राज्य मृतांचे आहे. तेथे गेलेला माणूस सहसा परतत नाही. आपले पाताळ असे नाही. विष्णुपुराणात पाताळाहून परतलेला नारद देवांच्या सभेत सांगतो की ते स्वर्गाहूनही रमणीय आहे. तेथे रत्ने, उपवने, सरोवरे आणि नागांची नगरे आहेत. मृतांसाठी आपल्याकडे यमलोक वेगळा आहे. तेव्हा दोन्हींना ‘अंडरवर्ल्ड’ म्हणणे हे भाषांतर नव्हे, गल्लत आहे.

५/१५
आता विधुरपंडित जातक. नागराज वरुणाची राणी विमला हिला इंद्रप्रस्थाच्या कुरुराजाचा ज्ञानी अमात्य विधुर याचे ‘हृदय’ हवे असते. राजा हे काम मुलीवर सोपवतो : जो ते हृदय आणील, असा पती शोध. इरंदती रात्री हिमालयात जाते, फुले वेचते, नाचते, गाते. कुबेराचा भाचा पुण्णक यक्ष तेथून जाताना तिला पाहतो आणि मोहित होतो.

६/१५
पुण्णक इंद्रप्रस्थाला येतो, द्यूतात दिव्य रत्न पणाला लावतो आणि राजाकडून विधुराला जिंकतो. वाटेत एका पर्वतावर तो त्याला मारण्याचा प्रयत्न करतो. विधुर मरत नाही. उलट तो त्या यक्षालाच धर्म सांगतो. मग पुण्णक त्याला जिवंतच नागलोकी नेतो. तेथे उलगडते, की राणीला हवे असलेले ‘हृदय’ म्हणजे विधुराची प्रज्ञा.

७/१५
शेवटी इरंदतीचा पुण्णकाशी विवाह होतो आणि विधुर सन्मानाने इंद्रप्रस्थाला परततो. इरंदतीच्या गाण्याने एका निरपराध माणसाचा जीव धोक्यात आला होता, तरी तिला कोणी तुडवत नाही. माणूस पाताळात उतरतो, तेथे शिकवतो आणि घरी येतो. मिंथीच्या मापाने मोजले, तर कथेतला हा सर्वांत महत्त्वाचा भागच हातून निसटतो.

८/१५
त्याच लेण्यात हारिती आहे. राजगृहातील मुले पळवून खाणारी ही यक्षिणी. बुद्धाने तिचे लाडके धाकटे मूल लपवले, तेव्हा तिला इतर आयांचे दुःख कळले. मग तिने विचारले, आता खायचे काय? उत्तर मिळाले : विहारात तुझ्या नावाने रोज अन्न काढले जाईल. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंगने ही प्रथा प्रत्यक्ष नोंदवली आहे.

९/१५
अजिंठ्यात तिला मुख्य गाभाऱ्याशेजारी स्वतंत्र देवकोष्ठ मिळाले. पती पांचिक तिच्याजवळ बसला आहे. वरच्या दोन कोपऱ्यांपैकी एकात ती चवताळलेली, दुसऱ्यात नमलेली. खाली आसनाच्या पट्टीवर छडी घेतलेला गुरुजी आणि शाळकरी मुले. मुले खाणारीच्या पायाशी मुलांची शाळा कोरणारा शिल्पी आपल्या विषयाला पुरता ओळखत होता.

१०/१५
सोळाव्या लेण्याच्या जिन्याशी नागराज बसला आहे. वाकाटक सम्राट हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने हे लेणे खोदवले. त्याच्या शिलालेखात नागराजाच्या निवासाचाही उल्लेख आहे. खडक आणि पाणी यांचा जुना मालक हाकलला गेला नाही. नव्या विहारात त्याला दाराशी घर मिळाले. भूतलावर राहायला आलेल्या अमानवी शेजाऱ्यांशी अजिंठ्याने केलेला व्यवहार हा असा आहे.

११/१५
मग ग्रीकांचा संबंध नाहीच? आहे, आणि तो नाकारणेही चूक ठरेल. गंधारातील हारितीच्या हाती कधी कधी ग्रीक समृद्धिशृंग दिसते. कार्ले, जुन्नर, नाशिक येथील शिलालेखांत यवन दात्यांची नावे आहेत. पण हे यवन सह्याद्रीत आले ते बौद्ध संघाला दान देत. येथे आपली मोजपट्टी लावण्याचा हट्ट त्यांचा नव्हता. तो पुष्कळ नंतरचा आहे.

१२/१५
त्या हट्टाने काय होते, याचे उदाहरण पहिल्या लेण्यातच आहे. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसनने तेथील एका दरबारदृश्यात इराणच्या खुसरोने दुसऱ्या पुलकेशीकडे पाठवलेला वकील पाहिला. पाठ्यपुस्तकांनी ते उचलले. पण लेण्याचे चित्रकाम पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानले, तर सातव्या शतकातला पुलकेशी तेथे येणारच कसा? आज अनेक अभ्यासक ते दृश्य बौद्ध कथेचेच मानतात.

१३/१५
सोळाव्या लेण्यातील ‘मरणासन्न राजकन्या’ हेही तसेच. ती नंदाची पत्नी सुंदरी आहे. पती भिक्षू झाल्याची खूण म्हणून त्याचा मुकुट समोर आला आणि ती कोसळली. नाव गेले, तेव्हा संन्यासाची किंमत मोजणारी बायको गेली आणि उरली फक्त एक सुंदर मूर्च्छा.

१४/१५
उपमाच हवी असेल, तर ती घराजवळ आहे. महाराष्ट्रात नदी-विहिरींच्या काठी शेंदूर लावलेले साती आसरांचे दगड आहेत. या जलदेवता माणसाला धरतात, छळतात आणि ओटी भरली की सांभाळतात. नागपंचमीला नांगर थांबतो, चिरणे-तळणे वर्ज्य होते, नागाला भाऊ मानून बायका झोके घेतात. हा झोका आणि इरंदतीचा झोका एकाच परंपरेचे, असा दावा कोणी करू नये. त्यासाठी पुरावा लागेल. पण खालच्या जगाशी नाते जोडून राहणे म्हणजे काय, हे समजायला हेडीसपेक्षा गावची पंचमी अधिक उपयोगी पडते.

१५/१५
ग्रीक कथा जरूर वाचाव्यात. मिंथीचे दुःखही खरेच आहे. मात्र रंगाचे पोपडे सुटत चाललेल्या भिंतीवर नावच चित्राला अर्थ देते. फर्दापूरहून लेण्यांत जाणाऱ्याने दुसऱ्या लेण्यात आधी झोका शोधावा, मग आतल्या उजव्या कोष्ठातील हारितीसमोर थांबावे, आणि सोळाव्याच्या जिन्यावर नागराजाला ओलांडताना क्षणभर मान वळवावी. सोबतच्याने ‘ही कोण?’ असे विचारले, तर उत्तर एका शब्दाचे आहे : इरंदती.