शीतपेयाच्या बाटलीकडून कॉफीच्या कपाकडे



या सत्रात शाळेपुढे एक प्रस्ताव आला आहे. उपाहारगृहात कॉफीचे यंत्र बसवावे, यंत्र पुरवणारा शाळेला दरमहा भाडे देईल आणि वरच्या वर्गांतील मुले दप्तरातून आणत असलेल्या डाएट कोलाच्या बाटल्या त्यामुळे आपोआप बंद होतील, असे त्यात म्हटले आहे. काही पालकांनीही या प्रस्तावाला पाठिंबा दिला. "त्या काळ्या पाण्यापेक्षा कॉफी बरी," असे त्यांचे म्हणणे. शाळेला पैशांची गरज नाही असे कोण म्हणेल? तरीही या विषयावर आमचे मत वेगळे आहे आणि निर्णय होण्यापूर्वी ते सर्वांसमोर मांडणे आमचे कर्तव्य आहे.

मत थोडक्यात असे : मोठ्या माणसाने डाएट कोला सोडून कॉफी धरली, तर त्यात वावगे काही नाही, मात्र ती बेताने धरावी. मुलांच्या हातून बाटली काढून घेऊन तिथे कप देणे ही मात्र सुधारणा नव्हे.

आधी बाटलीत काय असते ते पाहू. 'डाएट' या शब्दामुळे अनेकांचा समज होतो की हे काहीतरी पथ्याचे पेय आहे. त्यात साखर नसते, हे खरे. तिच्या जागी ॲस्पार्टेमसारखे गोडवा देणारे पदार्थ असतात. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड आहे, त्यामुळे ते अगदी थोडे लागते. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने त्याला 'कर्करोगास कदाचित कारणीभूत' अशा गटात टाकले आणि मोठा गाजावाजा झाला. पण त्याच वेळी तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलीग्रॅम ही जुनीच मर्यादा कायम ठेवली, ही बातमी फारशी कुणी वाचली नाही. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र त्याच वर्षी मे महिन्यात संघटनेने असेही सांगितले, की वजन ताब्यात ठेवण्याचा उपाय म्हणून अशा गोडव्यांवर विसंबू नये. शिवाय साखर नसली तरी आम्ल असतेच, आणि आम्लामुळे दातांवरचे कवच झिजते.

ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही ती गोष्ट म्हणजे कॅफीन. अमेरिकेत साध्या कोका-कोलाच्या ३५५ मिलीलिटरच्या डब्यात ३४ मिलीग्रॅम कॅफीन असते आणि डाएट कोकच्या तेवढ्याच डब्यात ४६ मिलीग्रॅम. साखर गेली, पण कॅफीन वाढले! म्हणून ज्यांना दुपारी चार वाजले की 'डाएट' आठवते, त्यांना नुसती गोडाची चटक नसते. हिंदीत 'लत' म्हटले की सगळे आले; मराठीत आपण चटक आणि व्यसन असा भेद करतो. इथे दोन्ही एकाच बाटलीत आहेत.

आता मोठ्यांविषयी. आमच्या शिक्षक-कक्षात आणि पालकांमध्येही असे बरेच जण आहेत, ज्यांनी मधुमेहाच्या भीतीने साधे शीतपेय सोडून डाएट घेतले आणि आता त्याचाही कंटाळा आला आहे. कॉफी त्यांना चालू शकते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मे २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेनुसार दिवसाला ३०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये. १५० मिलीलिटरच्या कपात फिल्टर कॉफी असेल तर ८० ते १२०, इन्स्टंट कॉफी असेल तर ५० ते ६५ आणि चहा असेल तर एका कपात ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफीन असते. म्हणजे रोज डाएटचे दोन डबे पिणाऱ्याला फिल्टर कॉफीचा एक कप किंवा इन्स्टंटचे दोन लहान कप साधारण तेवढेच कॅफीन देतात. हिशेब इथेच चुकतो. लोक बाटलीऐवजी मग भरून घेतात. मग १५० नव्हे, २५० मिलीलिटरचा असतो. वर घरचे दोन चहा चालूच! मग छातीत धडधड झाली की दोष कॉफीला.

नवशिक्याने सकाळच्या एका लहान कपापासून सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात डाएटची एकच बाटली कमी करावी, सगळी एकदम सोडू नये. कॅफीन अचानक तोडले तर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते आणि हा त्रास दोन ते नऊ दिवस टिकू शकतो. हळूहळू उतरलात तर तो जाणवतही नाही. काळी कॉफी पिण्याचा अट्टहास करू नये. २०० पट गोडाला सरावलेल्या जिभेला ती कडू लागणारच. अर्धे दूध, अर्धे पाणी आणि अर्धा चमचा पावडर इतके पुरे. बाजारातील अनेक पावडरींमध्ये चिकोरी मिसळलेली असते. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण डब्यावर छापलेले असते. चिकोरीत कॅफीन नसते, म्हणून नवशिक्याला ही मिश्र कॉफी सौम्य पडते. पुढे आवड जडली तर पितळी फिल्टर आहेच.

सर्वांत सांभाळायची गोष्ट म्हणजे साखर. कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम. तीन कपांचे ३० ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली आणि मधा-रसातली साखर मिळून दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. ज्या साखरेला टाळण्यासाठी डाएट धरले, तीच कॉफीच्या दारातून परत घरात यायची. तेव्हा पहिल्या आठवड्यात दीड चमचा, मग एक, मग अर्धा असे उतरावे. छप्पन दुकानवर आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी मिळते, ती मिठाईत धरावी, पेयात नव्हे. ज्यांना कॉफीपेक्षा गार आणि बुडबुडे हवे असतात, त्यांनी साध्या सोड्यात लिंबू पिळून प्यावे. रक्तदाब, आम्लपित्त किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आता मुलांकडे वळू. वरचा सगळा हिशेब प्रौढांचा आहे. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३ मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन ही सुरक्षित पातळी मानली. नववीतील ४५ किलो वजनाच्या मुलाला ती १३५ मिलीग्रॅम होते. आपल्याकडे सकाळी एक आणि संध्याकाळी एक चहा घरोघरी आहे. त्यातच ६० ते १३० मिलीग्रॅम संपले. त्यावर यंत्रातला एक कप घेतला की मर्यादा गाठली किंवा ओलांडलीच.

पण आकड्यांपेक्षा आम्हाला झोपेची काळजी जास्त वाटते. आपले इंदूर आता कोचिंगचे शहर झाले आहे. शाळा सुटली की मुले भंवरकुआँकडे पळतात, रात्री नऊला घरी येतात आणि मग अभ्यासाला बसतात. जागे राहण्यासाठी काही तरी हवे, म्हणून डाएटची बाटली. ती बंद केली तर कॉफीचा थर्मास. कॅफीन शरीरातून निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या कपातले निम्मे कॅफीन दोन वाजताही अंगात असते. झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलीग्रॅम कॅफीन घेतले तरी झोप तासाभराहून अधिक घटते, असे अमेरिकेतील एका प्रयोगात २०१३ मध्ये दिसून आले. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि दिवसा वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच. विद्यार्थी मित्रांनो, कॅफीन थकवा घालवत नाही, थकव्याची जाणीव तेवढी झाकते. उसने आणलेले जागरण दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला व्याजासह वसूल होते, हे आम्ही वर्गात रोज पाहतो.

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. चहा-कॉफीतील टॅनिनमुळे अन्नातील लोह अंगी कमी लागते. म्हणून जेवणाच्या एक तास आधी आणि एक तास नंतर ही पेये टाळावीत, असे वरील मार्गदर्शिकाच सांगते. सकाळच्या पोह्यांवर आपण लिंबू पिळतो, ते लोह अंगी लागण्यासाठी उत्तमच. पण लगेच वर कप रिचवला की त्याचा फायदा उणावतो. उपाहारगृहात यंत्र आले तर मधल्या सुट्टीत डब्याबरोबरच कॉफी प्यायली जाईल. दुसरा वेळ मुलांकडे असतोच कुठे?

"घरी चहा पितातच, मग शाळेतच सोवळे कशाला?" असा प्रश्न येईल. घरी काय प्यावे ते पालक ठरवतील. शाळेने जे विकले, ते शाळेने योग्य ठरवले असा त्याचा अर्थ मुले घेतात. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त मेद, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीला मनाई केली आहे. डाएटमध्ये साखर नाही म्हणून ते त्यात बसत नाही, असा युक्तिवाद दुकानदार करतात. शाळेने दुकानदाराप्रमाणे नियमाची फट शोधू नये.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती अशी : यंत्र हवेच असेल तर ते शिक्षक-कक्षात ठेवावे आणि कपाचे पैसे आम्ही शिक्षकांनी द्यावेत. विद्यार्थ्यांच्या उपाहारगृहात ताक, लिंबूपाणी, उन्हाळ्यात पन्हे आणि थंड पिण्याचे पाणी मिळावे. डाएटसह सर्व कोला पेये दप्तरातून आणण्यास बंदी असावी. यंत्राच्या भाड्याची रक्कम बुडेल, याची आम्हाला जाणीव आहे. तेवढी रक्कम स्नेहसंमेलनाच्या खर्चात काटकसर करून उभी करण्याची तयारी शिक्षकांनी दाखवली आहे.

आणि पालकांनो, परीक्षेच्या दिवसांत रात्री अकरा वाजता मुलाच्या टेबलावर वाफाळता कप नेऊन ठेवण्यात माया असते, हे आम्ही जाणतो. त्या वेळी खोलीतला दिवा मालवा आणि सकाळी पाचला हाक मारा. तीही मायाच आहे, आणि अधिक उपयोगाची.