भांग म्हणजे काही दारू नव्हे?



गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, म्हणून आम्ही सिरोंचाच्या बायका निर्धास्त. पण होळीला भाच्याने थंडाईतून भांग घेतली. तासभर काहीच वाटेना, म्हणून दुसरा पेला घेतला. पोटातून गेलेली भांग उशिरा चढते. मग छाती धडधडू लागली, भलतेच भास झाले. रात्रभर तो माझा हात धरून बसला होता. "झाडाचा पाला तर आहे," असं आदल्या दिवशी मीच हसून म्हटलं होतं!

रोज गांजा ओढणाऱ्या तरुणांना मनाचे आजार जडू शकतात, कुणाच्या उलट्याच थांबत नाहीत. आपल्या सप्तव्यसनांत मद्य आहे. शुद्ध हरपवतं ते सगळं मद्यच, असं मी मानते. मुलांना रागावण्याआधी आपलं हसू आवरूया.