अहवालाचे गद्य आणि पट्टीची भाषा

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत ‘शेतकरी’ शिकवला जातो तो कथा-कादंबऱ्यांतून. ‘गोतावळा’, ‘बारोमास’, भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा, आणि त्यांभोवती उभे राहिलेले ग्रामीण साहित्याचे समीक्षाशास्त्र. अर्थशास्त्राच्या आणि धोरण-अभ्यासाच्या वर्गांत तोच शेतकरी येतो तो कोष्टकांतून: धारणक्षेत्र, उत्पादकता, क्विंटलमागे मिळालेला भाव. हे दोन शेतकरी एकमेकांना ओळखत नाहीत. आम्ही पोटापाण्यासाठी दुसऱ्या प्रकारच्या शेतकऱ्याविषयी लिहितो आणि आवडीने पहिल्या प्रकारच्या शेतकऱ्याविषयी वाचतो. त्यामुळे ही अनोळख आम्हांला रोज जाणवते. कृषिधोरणाचा अहवाल हाही गद्याचा एक प्रकार आहे, तो मराठीत लिहिला जात नाही याची किंमत कोणीतरी मोजते आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकाराकडे पाठ फिरवण्याचे काही कारण नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमचे कामाचे ठिकाण नवी मुंबई. वाशी-तुर्भ्याचा घाऊक बाजार इथून हाकेच्या अंतरावर आहे. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाले आणि धान्य असे त्याचे पाच विभाग. मुंबईच्या गर्दीतून हे बाजार १९८० आणि १९९०च्या दशकांत टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आले. ज्या जमिनीवर ते आले ती जमीनही कधीकाळी शेती आणि मिठागरांची होती. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेऊन हे शहर वसवले. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मारले गेले, आणि पुढे ‘साडेबारा टक्के’ हा आकडा इथल्या बोलीत नाम म्हणूनच रुळला. राज्यातील शेतमालाची एवढी मोठी बाजारपेठ शेतकऱ्यांना उठवून मिळवलेल्या जमिनीवर उभी आहे. आमच्या क्षेत्रातील अहवालांत या गोष्टीला फार तर एक तळटीप मिळते.

या बाजारात संशोधक म्हणून वावरताना पहिली अडचण येते ती भाषेची. आमच्या प्रश्नावलीत ‘भाव ठरण्याची पद्धत’ असा एक रकाना असतो. कायद्याला अपेक्षित उत्तर ‘उघड लिलाव’. फळबाजारात मात्र रुमालाखाली दोन हात एकमेकांची बोटे दाबतात आणि एक शब्दही न उच्चारता सौदा होतो. याला ‘हत्ता’ म्हणतात. अहवालात त्याचे भाषांतर ‘अपारदर्शक किंमत-निर्धारण’ असे होते. ते चूक नाही, पण त्यातून रुमाल गेला आणि त्या रुमालाबाहेर उभा राहून दोन चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहणारा आंब्याचा मालकही गेला. मापांचेही तेच. इथे आंबा पेटीने, कांदा गोणीने आणि मेथी शेकडा जुड्यांनी विकली जाते. आम्ही सगळ्यांचे क्विंटल करतो. जुडी लहान बांधली की मोठी, हा शेतकरी आणि व्यापारी यांच्यातला खरा वाद. क्विंटल होताच तो नाहीसा होतो.

बाजार समित्यांच्या दरपत्रकात प्रत्येक मालापुढे तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. धोरण-अभ्यासाचा बराचसा डोलारा या तिसऱ्या आकड्यावर उभा असतो. आलेख त्याचे, कल त्याचे, निष्कर्षही त्याचेच. कथाकाराला मात्र या आकड्याचा काही उपयोग नाही. त्याला किमान भाव मिळालेला माणूसच हवा असतो. ‘लाल चिखल’मधला बाप कोणत्याही दरपत्रकाच्या तिसऱ्या रकान्यात सापडणार नाही. आम्ही त्याला ‘अपवादात्मक नोंद’ ठरवून आकडेमोडीतून वगळू. कथा त्याच्यावाचून उभीच राहणार नाही. यांतला एक खरा आणि दुसरा खोटा असे आम्ही म्हणत नाही. मात्र ही दोन गद्ये शेजारी ठेवून वाचणारा वर्ग महाराष्ट्रात कुठे भरत असल्यास त्याचा पत्ता आम्हांला हवा आहे.

ही फारकत पूर्वापार नव्हती. १८७५ साली सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले, त्यांच्या चौकशीसाठी आयोग बसला, त्याचा इंग्रजी अहवाल निघाला आणि १८७९मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. आपण हे पुस्तक समाजचिंतन म्हणून शिकवतो, फार तर त्याच्या भाषेतल्या आवेशाचे कौतुक करतो. पण धोरण-संशोधकाच्या नजरेने वाचू लागलो की दिसतो तो एक प्रति-अहवाल. शेतसारा, कर्ज, कचेरीतील लाचलुचपत, जंगलखात्यामुळे गेलेली चराई यांची त्यात तपासणी आहे. मातीची धूप थांबवण्यासाठी बांध घालावेत, विहिरी-तलावांची कामे काढावीत, शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत अशा ठोस शिफारशी आहेत. आणि चौथ्या प्रकरणात साहेबाच्या दाराहून हात हलवत परतणारा एक कुणबी आहे. त्याच्या घरातील भांडीकुंडी आणि अंथरुणे यांची नोंद कोणत्याही कुटुंब-सर्वेक्षणाला लाजवील अशी आहे. फरक एवढाच, की सर्वेक्षणात भांडी मोजली जातात आणि फुले ती मोजताना संतापलेले आहेत. हा संताप नोंदीच्या आड येत नाही, हे आमच्या क्षेत्रातील तरुणांनी मुद्दाम पाहावे. तटस्थता म्हणजे थंडपणा, असा एक समज आमच्याकडे घट्ट बसला आहे.

त्र्यंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५चा. कुणबी, बलुतेदार आणि फिरस्ते यांच्या देण्याघेण्याचा त्यातला हिशेब आजही कोणी ‘मूल्यसाखळी-विश्लेषण’ म्हणून खपवू शकेल. आत्र्यांच्या मतांशी जागोजागी भांडावे लागते. फिरस्त्या जमातींविषयी ते जे लिहितात ते आज वाचवत नाही. तरीही गावातला प्रत्येक व्यवहार त्यांनी गावच्याच शब्दाने नोंदवला, आणि त्यामुळे ते पुस्तक कोशासारखे टिकून आहे. दोनच वर्षांनी, १९१७ साली, हॅरल्ड मॅन या पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील अधिकाऱ्याचा पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत होता. (त्या गावात आज शेत शोधावे लागेल, तिथे इमारती उभ्या आहेत.) १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि भारतातील कृषि-अर्थशास्त्राची एक भक्कम परंपरा तिथे घडली. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा दारिद्र्यावरील १९७१चा अभ्यास त्याच परंपरेतला. तिचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण मॅनपासून पुढे शेतीविषयीच्या गंभीर संशोधनाची पहिली भाषा इंग्रजी झाली, आणि मराठीकडे उरली ती कादंबरी, भाषण आणि शासन निर्णय.

शासन निर्णयाच्या मराठीविषयी थोडे बोलले पाहिजे. आमच्या कामाचा मूळ कायदा म्हणजे ‘महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३’. ‘पणन’ हा शब्द वाशीच्या बाजारात कचेरीच्या पाटीवर दिसतो. गाळ्यावर तो कोणाच्या तोंडी आम्ही ऐकलेला नाही. गाळ्यावर अडत आहे, तोलाई आहे, हमाली आहे, वाराई आहे, उचल आहे, कडता आहे. यांतला प्रत्येक शब्द म्हणजे कोणाच्या तरी खिशातून कोणाच्या तरी खिशात जाणारा पैसा. इंग्रजी अहवालात त्या सगळ्यांना मिळून ‘विपणन खर्च’ असे एकच नाव मिळते. तोलाई मापाड्याला मिळते, हमाली आणि वाराई माथाडीला, अडत अडत्याला. यांतल्या माथाडीला १९६९च्या कायद्याने, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून, जे संरक्षण मिळाले ते त्या एकाच शब्दाच्या पोटात शिरून अदृश्य होते. मग ‘विपणन खर्च कमी करावा’ अशी निरुपद्रवी शिफारस लिहिताना आपण नक्की कोणाची भाकरी काढतो आहोत, हे लिहिणाऱ्याला कळतही नाही.

शब्द बदलला की पैसा कसा हलतो याचे उदाहरण २०१६चे आहे. त्या वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. वरवर पाहता सगळा तंटा एका विभक्तिप्रत्ययाचा: अडत शेतकऱ्याकडून की शेतकऱ्यासाठी? अडत्या हा शेतकऱ्याचा प्रतिनिधी म्हणून त्याचा माल विकतो, असे मानले तर त्याचे मोल शेतकऱ्याने द्यायचे. पण तो शेतकऱ्याआधी खरेदीदाराला सांभाळतो हे बाजारात कोणापासून लपलेले नव्हते.

या सगळ्या शब्दांचा एकत्र मुक्काम असतो तो पट्टीवर. माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती पडणारा तो कागद. वर मालाचे वजन आणि भाव, खाली वजावटी, शेवटी निव्वळ रक्कम. फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूरच्या बाजारातील एक पट्टी देशभर गाजली: ५१२ किलो कांदा, किलोला एक रुपया, आणि भाडे, हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याला देय रक्कम २ रुपये ४९ पैसे. धनादेश निघाला दोन रुपयांचा, तोही पुढल्या तारखेचा. वजावट विक्रीहून मोठी झाली तर शेतकऱ्यालाच पैसे भरावे लागतात, आणि त्याला ‘उलटी पट्टी’ असे नाव आहे. ज्या भाषेला एखाद्या गोष्टीसाठी स्वतंत्र शब्द घडवावा लागतो तिथे ती गोष्ट एकदाच घडलेली नसते, एवढे तर भाषेच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

हा शब्द महाराष्ट्रभर पोहोचवण्याचे बरेचसे श्रेय शरद जोशींचे. स्वित्झर्लंडमधील बर्नच्या आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतील नोकरी सोडून ते १९७७च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले. १९८०चे चाकणचे कांदा आंदोलन तिथूनच उभे राहिले. त्यांच्या राजकारणाविषयी आमच्यात एकमत नाही. खुल्या बाजारावरची त्यांची श्रद्धा आमच्यातील काहींना भाबडी वाटते. पण ‘उणे सबसिडी’ ही आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या वाटाघाटींत रुजलेली कल्पना त्यांनी सभेला बसलेल्या हजारोंना समजेल अशा मराठीत आणली आणि लोकांनी ती आपापल्या पट्टीवर ताडून पाहिली. संशोधनाचा निष्कर्ष ज्याच्याविषयी आहे त्यानेच तो तपासावा, याहून कडक परीक्षण कोणते असू शकते? आमच्या अहवालांचे परीक्षण दुसऱ्या शहरातील दोन तज्ज्ञ करतात.

‘हमीभाव’ हा शब्द पाहा. मूळ सरकारी संज्ञा ‘किमान आधारभूत किंमत’. आधार म्हणजे टेकू. हमी म्हणजे वचन. वीस-बावीस पिकांसाठी हा दर जाहीर होतो. त्या दराने प्रत्येकाचा माल खरेदी होईलच, असे कोणताही केंद्रीय कायदा सांगत नाही. कांदा, टोमॅटो, आंबा तर त्या यादीतच नाहीत. मराठीने मात्र या व्यवस्थेला ‘हमी’ हे नाव देऊन टाकले. काही अभ्यासक याला लोकांचा गैरसमज म्हणतात. आम्हांला ते मान्य नाही. सरकारने काय केले याचे नाव त्या शब्दात नसेल, पण सरकारने काय कबूल केले असे लोक समजतात ते त्यात आहे, आणि तोही पुरावाच आहे.

‘खर्च’ या शब्दाचे दुखणे याहून खोल. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६मध्ये उत्पादन खर्चाच्या भारित सरासरीवर किमान ५० टक्के अधिक भावाची शिफारस केली. खर्च म्हणजे नेमका कोणता, हे त्या वाक्यात नाही. २०१८च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने दीडपट भावाची घोषणा केली तेव्हा खर्च धरला तो प्रत्यक्ष केलेला खर्च अधिक कुटुंबाच्या श्रमांचे मोल एवढाच. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज त्यात नाही. शेतकरी संघटना ते धरून दीडपट मागतात. अहवालांत या प्रकारांना ‘ए-२’, ‘एफ-एल’, ‘सी-२’ अशी अक्षरनावे आहेत. यांतले ‘एफ-एल’ म्हणजे घरच्यांचे बिनमजुरीचे कष्ट. निंदणी, खुरपणी, गुरांचे शेण, भाकरी घेऊन शेतावर जाणे यांतले किती त्यात धरले जाते आणि किती ‘घरकाम’ म्हणून बाहेर राहते, यावर बायकांच्या आयुष्यातील तासच्या तास अवलंबून आहेत. मराठी स्त्री-आत्मकथनांत या तासांची नोंद विपुल आहे. ती एकत्र करून ‘एफ-एल’च्या व्याख्येशेजारी मांडणारा एखादा प्रबंध झाला, तर तो साहित्याचा ठरेल की अर्थशास्त्राचा, याची चिंता विद्यापीठाने करावी.

अहवाल कोणासाठी असतो, हा प्रश्न २०२१मध्ये फार उघडपणे समोर आला. केंद्राच्या तीन शेती कायद्यांवर सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. शेतकरी संघटनेचे अनिल घनवट तिचे सदस्य होते. मार्चमध्ये अहवाल बंद पाकिटात न्यायालयाला सादर झाला. नोव्हेंबरात कायदे रद्द झाले तरी पाकीट बंदच होते. अखेर मार्च २०२२मध्ये घनवट यांनी तो स्वतःच प्रसिद्ध केला. त्यातील मते पटोत न पटोत. ज्या प्रश्नावर लोक वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, त्यावरचे लेखन त्यांच्यापासून वर्षभर दडलेले राहिले, आणि ते लेखन गोपनीय नव्हते, केवळ अहवाल होते.

मराठीत लिहायचे म्हटले की आमचे सहकारी परिभाषेची अडचण सांगतात. परिभाषा कोशात शोधली तर ‘पणन’च सापडणार. ती गाळ्यावर आहे, पट्टीवर आहे, आणि दरवर्षी रद्दीत जाते आहे. नवी मुंबईच्या किंवा लासलगावच्या महाविद्यालयातील मराठीच्या विद्यार्थ्यांनी एका हंगामातल्या शे-दोनशे पट्ट्या, नावे झाकून, जमवल्या आणि त्यांतील शब्दांच्या अर्थांसह कोण कोणाला काय देते एवढे नोंदवले, तरी आम्हांला आमचे निम्मे अहवाल नव्याने लिहावे लागतील. वाराई कोणी द्यायची, हे तर अजून पट्टीगणिक वेगळे निघते.