चार मीटरची मोटार आणि झाडीपट्टीची वाट

२२ सप्टेंबर २०२५ रोजी घटस्थापना झाली आणि त्याच दिवसापासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. तोपर्यंत लहान पेट्रोल मोटारीवर उपकरासह २९ टक्के आणि लहान डिझेल मोटारीवर ३१ टक्के कर पडत होता. साहजिकच वर्षानुवर्षे दुचाकीवर संसार ओढणाऱ्या अनेक मध्यमवर्गीय घरांत त्या नवरात्रापासून मोटारीची चर्चा सुरू झाली. ब्रह्मपुरीही त्याला अपवाद नाही. महाविद्यालये, रुग्णालये आणि धानाचा व्यापार यांवर उभे राहिलेले हे गाव. येथील प्राध्यापक, डॉक्टर, शिक्षक, बँकेतील कर्मचारी आणि बऱ्यापैकी शेती असलेला कास्तकार यांची आज पहिली पसंती एकाच जातीच्या वाहनाला आहे. ते वाहन म्हणजे 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही'.

हे वाहन कोठून आले, हे थोडे समजून घेतले पाहिजे. ते ना अरण्याच्या गरजेतून जन्मले, ना शेतकऱ्याच्या. ते जन्मले अर्थसंकल्पातून. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोलसाठी १२०० घनसेंटीमीटर, डिझेलसाठी १५०० घनसेंटीमीटरपर्यंत इंजिन असलेल्या मोटारींचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. ती चार मीटरची रेघ आजतागायत पुसली गेलेली नाही. पुढे फोर्ड कंपनीची इकोस्पोर्ट (२०१३), मारुतीची व्हिटारा ब्रेझा (२०१६), टाटांची नेक्सॉन (२०१७), महिंद्रांची एक्सयूव्ही ३०० आणि ह्युंदाईची व्हेन्यू (दोन्ही २०१९), कियाची सोनेट (२०२०) अशी रांग लागली. सगळ्यांची लांबी ३९९५ मिलिमीटरच्या आसपास! कराच्या रेघेपासून जेमतेम बोटभर अंतर राखून.

म्हणूनच नावातील 'एसयूव्ही' या अक्षरांनी भारावून जाण्याचे कारण नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जुन्या पिढीने जीप पाहिली आहे; चिखलात रुतली तर चारही चाकांनी जोर लावून बाहेर पडणारी. वर सांगितलेल्या आजच्या वाहनांत इंजिनाची शक्ती केवळ पुढच्या दोन चाकांना मिळते. आषाढात धुऱ्यालगतच्या पांदण रस्त्यावर ती उतरवली तर तिला काढायला ट्रॅक्टरच बोलवावा लागेल. उंच बांधणी, मोठी चाके आणि रुबाबदार नाकाड असलेली ही मुळात शहरी मोटारच आहे. तशी ती असण्यात गैर काही नाही. गैर आहे ती तिच्याकडून ठेवलेली चुकीची अपेक्षा.

मग तुलना करायची ती कशाच्या आधारे? विक्रेत्याच्या दालनात तुलना सुरू होते ती पडद्याच्या आकारापासून आणि संपते सनरूफपाशी. ज्या गावाचा पारा मे महिन्यात ४७ अंशांपर्यंत चढतो, विदर्भातील सर्वाधिक तापमानाच्या बातम्यांत ज्याचे नाव नित्य येते, त्या ब्रह्मपुरीत छताला काच बसवण्यासाठी अधिकचे पैसे मोजावेत, हा विनोद मानावा की फॅशनची गुलामी? शिवाय त्या छतातून लेकरांना बाहेर डोकावू देण्याची जी खोड लागली आहे, ती जीवघेणी आहे. त्याच पैशांत मागच्या आसनासाठी वातानुकूलनाचे झोत आणि चांगले टायर मिळतात.

ब्रह्मपुरीच्या माणसाने तुलना सुरू करावी ती आपल्या रस्त्यापासून. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीडमार्गे ब्रह्मपुरी आणि पुढे वैनगंगा ओलांडून आरमोरी असा हा राष्ट्रीय महामार्ग जातो. वाटेत उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे, नागभीडच्या बाजूला २०१८ मध्ये घोषित झालेले घोडाझरी अभयारण्य आहे. ब्रह्मपुरी वनविभागात तर राष्ट्रीय उद्यान नसतानाही वाघांचा मोठा वावर आहे. रानडुक्कर, चितळ, नीलगाय यांना महामार्गाचा क्रमांक ठाऊक नसतो. त्यात दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम! वडसा ही तिची राजधानी. मंडईनिमित्त गावोगावी रात्रभर नाटक चालते आणि पहाटेच्या धुक्यात, जागरणाने जड झालेल्या डोळ्यांनी, घरचा तरुण गाडी हाकत परततो. मागे आई, वहिनी आणि पेंगलेली मुले असतात. मोटारीची खरी परीक्षा त्या क्षणी होते, आणि त्या परीक्षेत पडद्याचा आकार विचारला जात नाही.

म्हणून पहिला निकष सुरक्षेचा. याबाबतीत गेल्या काही वर्षांत भारतीय उद्योगाने मिळवलेले यश अभिमानास्पद आहे. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. भारतीय मोटारीला हा मान प्रथमच मिळत होता. २०२० च्या जानेवारीत महिंद्रांच्या एक्सयूव्ही ३०० ने तोच पल्ला गाठला. 'भारतीय माणूस मायलेजपलीकडे पाहत नाही' असे म्हणणाऱ्यांना हे परस्पर मिळालेले उत्तर होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली. तिच्यात नेक्सॉन, महिंद्रांची एक्सयूव्ही ३एक्सओ आणि स्कोडाची कायलॅक यांनी पाच तारे मिळवले. आपल्या यादीतील मोटारीची चाचणी झाली आहे का, आणि लहान मुलांच्या सुरक्षेचे गुण किती, हे विक्रेत्याला विचारण्याचा संकोच करू नये. उत्तराऐवजी 'साहेब, कंपनीचं नावच पुरे आहे' असे ऐकू आले, तर काय समजायचे ते सुज्ञास सांगणे नलगे.

पण पाच ताऱ्यांची मोटारही पट्टा न लावणाऱ्याला वाचवू शकत नाही. ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला अपघात झाला, तेव्हा ते मागच्या आसनावर होते. पट्टा लावलेला असता तर ते वाचले असते, असे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी पुढे जाहीरपणे म्हटले. महाराष्ट्राने एक लोकनेता गमावला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तोही मागच्या आसनावर, पट्ट्याविना. आपल्याकडे मागचा पट्टा गादीच्या फटीत खोचलेला असतो आणि नव्या कव्हराखाली कायमचा गाडला जातो. 'जनावर आडवे आले तर' म्हणून पुढे लोखंडी गार्ड बसवण्याची प्रथाही अशीच घातक. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना त्याविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले, ते उगाच नाही. धडकेचा जोर मोटारीच्या पुढच्या भागाने चुरगळून शोषायचा असतो. गार्डमुळे तो थेट सांगाड्याकडे जातो आणि एअरबॅग उघडण्याचे गणितही बिघडू शकते. पाच तारे विकत घ्यायचे आणि गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात ते घालवायचे!

दुसरा निकष इंजिनाचा. येथे कराने एक गंमत करून ठेवली आहे. २०२२ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या ब्रेझाचे पेट्रोल इंजिन १४६२ घनसेंटीमीटरचे. लांबी चार मीटरच्या आत असूनही इंजिन १२०० च्या पुढे, म्हणून कायद्याच्या लेखी ती 'मोठी' मोटार ठरली. तिच्यावरील भार ४५ वरून ४० टक्क्यांवर आला. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, ३एक्सओ, कायलॅक मात्र १८ टक्क्यांत बसल्या. ब्रेझाचे साधे, टर्बो नसलेले इंजिन आणि खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचलेले मारुतीचे सेवाजाळे यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही, पण सरकारने दिलेली सवलत आपल्याला किती मिळते हे ग्राहकाने ताडून पाहिले पाहिजे.

डिझेलचा मोह विदर्भात अजून मोठा आहे. मारुतीने २०२० मध्ये डिझेल सोडले. नेक्सॉन, ३एक्सओ, व्हेन्यू आणि सोनेट यांनी ते टिकवले. नित्य नागपूर-चंद्रपूर करणाऱ्याला डिझेल परवडेलही. परंतु ज्याची मोटार घर, महाविद्यालय आणि बाजार एवढ्यातच फिरणार, त्याने ते घेऊ नये. नव्या डिझेल मोटारीत काजळी अडवणारी गाळणी असते; ती लांब पल्ल्याच्या सलग धावेत स्वतःला जाळून स्वच्छ करते. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबते आणि दुरुस्तीचा खर्च इंधनातील बचत गिळून टाकतो. सीएनजीचा विचार करताना कागदावरील मायलेजआधी आपल्या नेहमीच्या वाटेवरील पंप मोजावेत.

जमिनीपासूनची उंची सगळ्यांची साधारण १९० ते २१० मिलिमीटर. नेक्सॉनची २०८, ब्रेझाची १९८, कायलॅकची १८९ अशी ती सांगितली जाते. माणसे आणि सामान भरल्यावर ती कमी होते, हे लक्षात ठेवावे. कुटुंबाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब रुंदीची, कारण आपल्या घरांत मागे तिघे बसणारच. ३एक्सओ १८२१ मिलिमीटर, नेक्सॉन १८०४, ब्रेझा १७९०, कायलॅक १७८३. कायलॅकची डिक्की मात्र ४४६ लिटरची, नेक्सॉनची ३८२. आजी-आजोबांसह सहा-सात माणसांचे एकत्र कुटुंब असेल, तर या सर्व मोटारी अपुऱ्याच आहेत. चार मीटरच्या रेघेने बहुधा चौकोनी कुटुंबच गृहीत धरलेले असावे.

आता स्वदेशीचा मुद्दा. तो टाळून पुढे जाता येत नाही, आणि घोषणेने सुटतही नाही. २००९ च्या अखेरीस वालचंद हिराचंद यांच्या परंपरेतील प्रीमियर कंपनीने चिंचवडहून 'रिओ' ही चार मीटरच्या आतली गाडी आणली. बिल्ला देशी, पण रचना झोटी या चिनी कंपनीची, आणि तिचेही मूळ जपानी! उलटपक्षी स्कोडाची कायलॅक चाकणला तयार होते आणि व्हेन्यूची नोव्हेंबर २०२५ मधील नवी आवृत्ती तळेगावला. म्हणजे हात मराठी तरुणांचेच राबतात. पण नफा आणि तंत्रज्ञानाची मालकी कुठे राहते? ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीने २७,८७० कोटी रुपयांची भागविक्री केली. ती संपूर्ण रक्कम कोरियातील मूळ कंपनीकडे गेली, कारण विकले गेले ते तिचेच समभाग. यात बेकायदा काही नाही. मात्र भारतीय मध्यमवर्गाची बचत कोणत्या वाटेने वाहते, याचे हे स्वच्छ चित्र आहे.

त्याच तळेगावच्या कारखान्याचा इतिहास आणखी बोलका आहे. तो जनरल मोटर्सचा. त्या कंपनीने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये कारखान्याचे उत्पादनही. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. ज्या इकोस्पोर्टने या वर्गाला लोकप्रिय केले, तिचेच मालक एका रात्रीत पोरके झाले. पुण्या-मुंबईत सुटे भाग शोधता येतात. ब्रह्मपुरीच्या माणसाने ते शोधायला कुठे जावे? दत्तोपंत ठेंगडी यांनी स्वदेशीचा विचार मांडला तो राष्ट्राच्या स्वावलंबनासाठी, पण तो असा घराच्या अंगणातही उपयोगी पडतो. नेक्सॉन रांजणगावला घडते, ३एक्सओ नाशिकला, आणि या कंपन्यांना गाशा गुंडाळून जायला दुसरा देश नाही. महिंद्रांचे मूळ नाव १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात जाऊन तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. कंपनी भारतात राहिली आणि जीप बांधत राहिली. अर्थात स्वदेशी म्हणजे दोषांकडे डोळेझाक नव्हे. जुळणीतील ढिलाई, इलेक्ट्रॉनिक बिघाड, सेवाकेंद्रातील हलगर्जी या तक्रारी देशी मोटारींबाबतही होतात. त्या ठणकावून मांडणे हेही स्वदेशीचेच काम आहे. गुणवत्ता सारखी असेल तर देशी घ्यावी. आणि आज सुरक्षेच्या कसोटीवर ती सारखीच नव्हे, काही ठिकाणी सरस आहे.

कर्जाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आठ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १२,८७० रुपये आणि एकूण व्याज जवळपास २ लाख ८१ हजार. पाच वर्षांत फेडले तर हप्ता १६,६०० च्या घरात, पण व्याज १ लाख ९६ हजार. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल, तर ती मोटार आपल्या ऐपतीबाहेरची आहे. एक श्रेणी खाली उतरावे. आणि ही रक्कम मुलीच्या बापाकडून वसूल करण्याचा विचार ज्याच्या मनात येत असेल, त्याने स्वतःस सुसंस्कृत हिंदू म्हणवू नये. १९६१ चा हुंडाबंदी कायदा दुचाकीला लागू होतो आणि पाच ताऱ्यांच्या मोटारीलाही.

राहिला प्रश्न निवडीचा. वर्षाकाठी लांबचा प्रवास बराच, रात्रीचे जाणे-येणे, मागे तीन माणसे असे ज्याचे आयुष्य आहे, त्याने नेक्सॉन वा ३एक्सओ यांच्या मधल्या श्रेणी आधी पाहाव्यात. सामान जास्त आणि माणसे चार असतील तर कायलॅक वाईट नाही, मात्र तिचे सेवाकेंद्र किती दूर आहे हे आधी विचारावे. ज्याला दहा-बारा वर्षे डोक्याला ताप नको, त्याने कराचा फरक सोसून ब्रेझा घ्यावी. डिसेंबरात सूट मिळते म्हणून धावण्यापूर्वी गाडी कोणत्या महिन्यात बनली आहे ते कागदावर पाहावे. आणि चाचणी फेरी दालनासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नये. गाडी अंधार पडल्यावर नागभीडच्या रस्त्यावर न्यावी, दिव्यांचा झोत कडेच्या झाडीपर्यंत पोहोचतो का ते पाहावे, आणि मागच्या आसनावर घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बाईला बसवून तिला चढता-उतरता येते का, हे तिलाच विचारावे.