उमजणे आणि उतरवून घेणे

गतवर्षीच्या गणेशोत्सवाच्या तालमीतील एक प्रसंग आमच्या मनातून अद्याप जात नाही. किरनापुरातील मराठी घरांतल्या मुलांना दोन-चार नाट्यपदे यावीत, या हेतूने आम्ही तालीम घेत होतो. एका मुलीने ‘स्वयंवरा’तील पद म्हटले. आवाज गोड होता. परंतु चाल ठिकठिकाणी निराळी, आणि एके जागी तर जात्यावरच्या गाण्याचा हेल. आम्ही तिला सर्वांसमक्ष थांबविले. म्हणालो, “मूळ चालीत म्हण, बाळ. बालगंधर्व असे गात नसत.” ती खाली पाहून एवढेच म्हणाली, “गुरुजी, आजी अशीच म्हणायची.” उत्सवात ती गायली नाही.

पुढे हिवाळ्यात एका रात्री चिरंजीवांनी भ्रमणध्वनीवर कुमार गंधर्वांचे ‘मला उमजलेले बालगंधर्व’ लावून दिले. ही पदे मूळची कोणाची, हे वाचकांस सांगावयास नको. ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या दोन्ही नाटकांतील शब्द खाडिलकरांचे. चाली अनुक्रमे गोविंदराव टेंबे व भास्करबुवा बखले यांच्या. आणि त्यांत प्राण ओतला बालगंधर्वांनी. त्या संथ, लडिवाळ गायकीची नक्कल करणारे महाराष्ट्रात गावोगाव झाले. कुमारांनी नक्कल केली नाही. त्यांच्या गळ्यात ती पदे लहान लहान स्वरवाक्यांनी येतात, मध्येच थबकतात, अकस्मात उंच पुकार घेतात. आणि तरीही पदोपदी बालगंधर्वच आठवतात. शब्दाला न दुखविता सूर कसा लावावा, हे मर्म तेवढे त्यांनी उचलले. बाकी सारे स्वतःचे.

कुमारांचे स्वतःचे तरी कोणते? सुळेभावी या बेळगावजवळच्या गावी १९२४ साली जन्म, घरची भाषा कानडी, मुंबईस देवधर मास्तरांकडे शिक्षण, आणि १९४८ पासून १९९२ मधील निधनापर्यंत वास्तव्य आपल्याच मध्य प्रदेशातील देवासला. क्षयाने अंथरुणास खिळलेल्या त्या वर्षांत त्यांच्या कानी माळव्याची लोकगीते पडली. असा हा गायक मराठी नाट्यपद गातो, तेव्हा त्यात बेळगाव असते, मुंबई असते, देवासही असते. त्यामुळे बालगंधर्व उणावत नाहीत. त्यांच्या घराला आणखी एक ओसरी लाभते.

परदेशीही हाच विचार दिसतो. के. डी. लँग या कॅनडाच्या गायिकेने २००४ साली आपल्याच देशातील लेनर्ड कोहेन, जोनी मिचेल, नील यंग आदींची गीते आपल्या रीतीने गाऊन एक संग्रह काढला. जाझमध्ये तर दुसऱ्याचे गीत घेऊन ते आपल्या परीने नव्याने मांडणे ही रीतच आहे. तेथे मूळ गीत म्हणजे मूर्ती नव्हे, बीज.

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून ‘अस्सल मराठी पलीकडे, आपली उणी’ ही सल आपल्या मनात घर करून आहे. त्या सलेपोटीच आम्ही त्या मुलीस थांबविले, हे आता कळते. तिच्या आजीने ते पद केव्हा, कोठे ऐकले असेल कोण जाणे. परंतु दळणाकांडणात आयुष्यभर गुणगुणून तिने ते जिवंत ठेवले, आपल्या मातीचा हेल देऊन नातीस दिले. आम्ही पुस्तकातले बालगंधर्व सांगत होतो. त्या आजीस ते उमजले होते.

मूळ चाल शिकवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. कुमारांनी ती आधी मनःपूर्वक ऐकली, मगच आपली वाट धरली. परंतु शिकविणे निराळे आणि गप्प बसविणे निराळे, हा भेद तीस वर्षे अध्यापन करूनही त्या दिवशी आम्हांस राखता आला नाही.

गेल्या रविवारी आम्ही तिच्या घरी जाऊन आलो. “आजी म्हणायची तसेच म्हण,” असे सांगितले. ती हसली, हो म्हणाली नाही. भाद्रपदास अजून अवकाश आहे.